दुखवट्याच्या पेंढ्या

गंजी विझली होती, पण अजून धुमसत होती. वरून राख गार लागायची आणि काठी खुपसली की आतून लाल दिसायचं. रोहिणीने सकाळपासून बादल्या ओतल्या. पाणी आत कुठे मुरायचं कोण जाणे, नुसती वाफ वर यायची आणि वाफेबरोबर जळक्या सरमडाचा वास. तो वास काल दुपारपासून सगळ्यांच्या कपड्यांना, केसांना लागला होता. माठातल्या पाण्यालासुद्धा.

दिवाळीनंतर नानांनी बाजरीचं सरमड आणि मक्याचा कडबा रचून ही गंजी उभी केली होती. गाईंना पावसाळ्यापर्यंत चिंता नाही, असं म्हणून ते हात झटकत खाली उतरले होते. आता नाना जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि शेजारच्या धोंडीरामतात्यांनी पेटवलेल्या बांधावरच्या वाळल्या गवताचा जाळ वाऱ्याने इकडे येऊन ती गंजी घेऊन गेला होता. गाई वाचल्या त्या तात्यांमुळेच. गंजी पेटलेली दिसताच बांधावरून उडी मारून त्यांनीच दावी कापली. पण ते कोणी बोलत नव्हतं.

ओट्यावर नवनाथ फोनवर बोलत होता. रोहिणी बादली टेकवून वर आली तेव्हा त्याने फोन खिशात टाकला.

"कोणाचा होता रे?"

"घोटीचा व्यापारी. दहाव्याच्या दिवशी दुपारी पिकअप घेऊन येतो म्हणाला. पाहुणे जेवून गेले की गाई भरून घेऊ."

"नानांच्या गाई, आणि नानांच्या दहाव्याला?"

"मग काय करू, ताई? राख खायला घालू त्यांना?" नवनाथ तिच्यापेक्षा धाकटा, पण या चार दिवसांत त्याच्या आवाजाला घरातल्या कर्त्या पुरुषाची धार आली होती. ती त्याची त्यालाच अजून नीट पेलत नव्हती. "माझी एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी. कधी सकाळी, कधी रात्री. यशश्रीची शाळेतली नोकरी. तू नेतेस का गाई? गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर? तुझ्या लायब्ररीत बांधायला जागा आहे?"

कॉलेजच्या ग्रंथालयात रोहिणी दिवसभर लोकांना हवं ते शोधून द्यायची. स्वतःच्या घरच्या भांडणात मात्र वेळेवर शब्द सापडत नसत.

"बरोबर बोलतोय तो," खांबाला टेकून बसलेले सोमनाथकाका म्हणाले. नानांचे हे धाकटे भाऊ सिन्नरला राहायचे आणि मळ्यातल्या कोणत्याही गोष्टीवर मत द्यायला मोटारसायकल काढून यायचे. "गाई विका, आणि त्या धोंड्यावर केस ठोका. बांध पेटवायला त्याला आत्ताच मुहूर्त मिळाला! घरात सुतक, माणसं सैरभैर. मी सांगतो, मुद्दाम केलं त्यानं."

"तात्या मुद्दाम करतील असं तुम्हाला खरंच वाटतं, काका?"

"का नाय वाटणार? इतकी वर्षं तो बांध जळतोय. इकडं एक ठिणगी तरी आली का कधी? याच वर्षी कशी आली?"

हा प्रश्न काकांनी रागात फेकला होता. पण रोहिणीला तो खराच प्रश्न वाटला. याच वर्षी कशी आली? ती चपला घालून निघाली.

"ए ताई, कुठं?"

"विचारून येते."

"सुतकात लोकांच्या घरी जातात का?" काका मागून ओरडले.

तात्यांच्या दारात त्यांची बायको कुसाबाई पदराने डोळे पुसतच पुढे आली. "कालपासून पोटात अन्न नाय त्यांच्या. चाळीमागं बसलेत. तू तरी बघ बाई."

कांद्याच्या रिकाम्या चाळीमागे तात्या उकिडवे बसले होते. दोन्ही तळव्यांना पांढरं मलम आणि वर धोतराच्या चिंध्या. रोहिणीला पाहून ते उठायला लागले, पण हात टेकता येईनात म्हणून तसेच राहिले.

"शिव्या घालायला आलीस ना? घाल पोरी. मी बसलोच हाय."

"शिव्या नाही घालायच्या, तात्या. मला एवढंच सांगा, काय झालं?"

तात्यांनी मानेने बांधाकडे दाखवलं.

"दहाव्याला पाव्हणे येणार. त्यांच्या गाड्या माझ्या पडीक तुकड्यात लावायच्या म्हणून बांध साफ करायला घेतला. तुमचं घर सुतकात. सुतकातल्या माणसांना 'या रं बांध जाळायला' असं कसं सांगू? म्हटलं, एकटाच उरकतो."

"दरवर्षी तुम्ही आणि नाना मिळून जाळायचात."

"तेच तर." तात्यांनी चिंध्या बांधलेले हात दोन बाजूंना केले. "मी माझ्या अंगाला, तो त्याच्या अंगाला. माझ्याकडं ड्रम, त्याच्याकडं लिंबाची ओली डहाळी. जाळ माझ्याकडं वळला तर मी बघायचं, तिकडं वळला तर त्यानं. लग्नं झाली नव्हती आमची, तवापासनं. काल काडी लावली आणि माझ्या अंगाला उभा राहिलो, नेहमीसारखा. माझ्या बाजूची एक काडी इकडची तिकडं होऊ दिली नाय. त्या अंगाला बघितलंच नाय पोरी. तिकडं चिंतामण असतोच ना."

रोहिणी खाली बसली.

"बांधाच्या टोकाला पोचलो आणि हाक मारली," तात्या म्हणाले. "'चिंतामण, उरकलं का रं तिकडं?' दरवर्षी मारतो. ओ आली नाय म्हणून वर बघितलं. तवर गंजीनं पेट घेतला व्हता."

नाना गेल्यापासून घरात त्यांच्याबद्दल सतत बोललं जात होतं. ते कसे होते, कसे गेले, फोटो कोणता लावायचा, पत्रिकेत नावामागे काय लिहायचं. पण नानांना कोणी हाक मारली नव्हती. जगात एकाच माणसाने मारली होती, आणि त्याचे हात भाजले होते. रोहिणीने चेहरा गुडघ्यांत घातला. दवाखान्यात, अंत्यविधीला, नंतरच्या सगळ्या दिवसांत जे राहून गेलं होतं ते त्या चाळीमागे एकदाचं झालं. तात्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला म्हणून उचलला, चिंध्या दिसल्या तसा परत घेतला.

थोड्या वेळाने ती उठली, चुळा भरल्या आणि म्हणाली, "दहाव्याला या, तात्या."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"ह्याच."

घरी आली तेव्हा ओट्यावर झुंबरआत्याही येऊन बसली होती. नानांची ही थोरली बहीण. तिला पाहिलं की सोमनाथकाकाही तंबाखू बाजूला ठेवायचे. रोहिणीने तात्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं काही न घालता. हाकेपर्यंत आली तेव्हा आत्याने पदर तोंडात कोंबला. नवनाथ उठून गोठ्याच्या बाजूला गेला आणि परत आला तेव्हा त्याने नाक पुसलेलं होतं.

"केसबिस काही नको," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"नको म्हटलं ना, काका." मग बहिणीकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "केस नको. पण ताई, चारा कुठाय? तात्यांचा काही दोष नाही म्हटल्यानं गव्हाण भरणार आहे का?"

हेही खरंच होतं. गोठ्यात मोरी हंबरली, तशी सगळ्याच हंबरल्या. तांबूस, काळ्या ठिपक्यांच्या त्या डांगी गाई. नानांच्या आजोबांनी डोंगरापलीकडून आणलेल्या दोन गाईंची ही वीण. घराने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली. एकदा ती पिकअपमध्ये चढली की कुठे कुठे फुटेल, कोणालाच सांगता आलं नसतं.

झुंबरआत्याने विषय बदलावा म्हणून दहाव्याचं काढलं. "विमलला, तुझ्या आईला, भावाकडनं लुगडं येईल. नवनाथला टॉवेल-टोपी सगळ्यांचीच. ढीग पडेल बघ. आमच्या ह्यांच्या दहाव्याचे टॉवेल अजून पेटीत पडलेत. त्यांनी ना अंग पुसता येत, ना टाकून देता येत. मेले पाणीच टिपत नाहीत. पाणी नुसतं इकडून तिकडं ढकलतात."

यशश्री, नवनाथची बायको, दारात उभी होती. तिला हसू फुटलं आणि तिने जीभ चावली.

"आमच्या बाबांच्या वेळचे आम्ही भांड्यांच्या कपाटात अंथरलेत," ती म्हणाली.

"आत्या," रोहिणी म्हणाली. ती अजून विचारच करत होती, पण शब्द पुढे निघाले. "टॉवेलाच्या जागी पेंढी आणली तर?"

"कसली पेंढी?"

"चाऱ्याची. सरमडाची, कडब्याची, ज्याच्याकडे जी असेल ती. दुखवटा म्हणून. लोक आणणारच आहेत काहीतरी. मग जे कोणाच्या कामाचं नाही ते कशाला?"

सोमनाथकाका उभेच राहिले.

"म्हणजे भीक मागायची? आपल्या घरानं? दादाच्या दहाव्याला पाव्हण्यांना सांगायचं, आमच्याकडं गाईंना घालायला नाय, येताना घेऊन या?"

"भीक कशी, काका? टॉवेल घेतो तेव्हा भीक नसते का?"

"ती रीत हाय! दुखाच्या माणसाच्या डोक्यावर कापड पडावं लागतं. चार पुस्तकं वाचली म्हणून रीत बदलता येत नाय."

"सोमा म्हणतो ते खरंय गं," आत्या चाचरत म्हणाली. "कापडाशिवाय दुखवटा कसा व्हायचा? आणि विमलचं लुगडं? माहेरचं लुगडं तर यायलाच पायजे. लोक काय म्हणतील तिला?"

"लोकांना मी सांगते काय म्हणायचं ते."

आवाज खालून आला. आई गोठ्यातून येत होती, एका हातात शेणाची पाटी, साडीचा ओचा खोचलेला. नाना गेले त्या दिवसापासून बायका तिला कोपऱ्यात बसवायच्या आणि धारांची वेळ झाली की कोपरा रिकामा सापडायचा. तिने पाटी खाली ठेवली.

"माझं लुगडं ना? मी सोडलं ते. माझ्या भावाला मी फोन करून सांगते, पेंढी आण म्हणून."

"वहिनी, तुमच्या लक्षात येत नाय..."

"सोमनाथभाऊ, सगळं लक्षात येतंय. गाई विकायचं ठरलं, व्यापारी ठरला, गाडी ठरली. मला विचारलं का कोणी?"

नवनाथने मान खाली घातली. "आई, तुला एकटीला झेपेल का? म्हणून..."

"नाना दवाखान्यात होते तेव्हा कोण करत होतं? त्याच्या आधी कोण करत होतं? तुझ्या नानांनी गंजी रचली की सगळी वस्ती बघायला यायची. शेण काढायला कोण येतं बघायला?" ती चिडलेली नव्हती. एवढ्या वर्षांत सांगायचं राहिलेलं ती फक्त सांगत होती. "गाई नसल्या तर पहाटे उठून मी कोणाकडं जाऊ रे?"

झुंबरआत्याने भावजयीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी गुडघे धरून हळूहळू उठली, आणि उठताना तिची बाजू बदलली.

"सोमा, खाली बस," ती म्हणाली. "माझ्या घरनं पहिली पेंढी येईल. ज्वारीचा कडबा हाय माझा, दाताखाली साखर."

नवनाथने खांबाच्या नक्षीवर नख घासलं. "ठीक आहे. दहाव्याला काय येतं ते बघू. पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढा चारा जमला तर गाई राहतील. नाही जमला, तर ताई, तू मध्ये बोलायचं नाहीस. व्यापारी येणारच आहे."

"नाही बोलणार."

"मी माझ्या सोयऱ्यांना असला निरोप देणार नाय," सोमनाथकाका म्हणाले. "आधीच सांगतो."

"काका," दारातून यशश्री हळूच म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता. "ग्रुपवर गेला पण. 'नानांच्या दशक्रिया विधीस येताना टॉवेल, टोपी, साडी आणू नये. आणायचंच असेल तर गाईंसाठी एक पेंढी आणावी.' तुमच्या साडूंनी अंगठापण दिला."

नवनाथने बायकोकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच लग्न होऊन आली आहे.

दहाव्याच्या सकाळी नदीवरचे विधी आटोपून मंडळी मळ्यावर आली. नवनाथचं डोकं तुळतुळीत. मांडवात प्रवचन सुरू झालं, पण रोहिणीचं ध्यान फाट्याकडच्या रस्त्यावर होतं. पहिली गाडी आली ती लासलगावच्या मंडळींची. चौघे उतरले, चौघांच्या काखेत दुकानाच्या पिशव्या, पिशव्यांतून टॉवेलाच्या कडा बाहेर.

"मेसेज वाचला होता," त्यांच्यातले म्हातारे ओशाळून म्हणाले. "पण म्हटलं, असं रिकाम्या हातानं..."

"असू द्या, असू द्या. रीत ती रीत," सोमनाथकाका म्हणाले आणि त्यांनी रोहिणीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं, पण फार दूरही नव्हतं.

दुसरी गाडी आली. पुन्हा पिशव्या. एक मोटारसायकल आली, टोपीचं पुडकं. नवनाथ पिशव्या घेऊन ओट्यावर ठेवत राहिला. रोहिणी सतरंजीवर बसली आणि तिने प्रवचनकारांचं तोंड हलताना पाहिलं. गोठ्याकडे पाहायचं तिने टाळलं. गंजी जळाल्यापासून आई बांधाबांधाने हिंडून गवत कापून आणत होती. ते गाईंच्या एका वेळेलाही पुरत नव्हतं.

मग फाट्यावर शेअर जीप थांबली. मागच्या दारातून आधी एक पेंढी बाहेर आली, मग तिच्यामागून लंकाबाई, नानांची मावसबहीण. तिच्या अख्ख्या अंगाला कडब्याचं कूस लागलं होतं.

"मेल्यानं पेंढीचं तिकीट मागितलं!" ती रस्त्यावरूनच ओरडली. प्रवचनकार थांबले. "म्हटलं, चिंतामणच्या गाईंची आहे, मांडीवर घेईन. सिन्नरपासून मांडीवर घेऊन आले. आतली सगळी माणसं शिंकतायत."

मांडवात पहिल्यांदा हसू पिकलं. दहाव्याच्या मांडवात शोभावं एवढंच, तोंडावर हात धरून. नवनाथ पुढे झाला, पेंढी खांद्यावर घेतली आणि गोठ्याच्या पूर्वेला मोकळ्या जागेवर आडवी ठेवली. एकटी पडलेली ती पेंढी फार लहान दिसत होती.

पण तिच्यामागे झुंबरआत्याची बैलगाडी आली. शिगोशीग भरलेली. तिच्यामागे निफाडकडच्या मावशांचा टेम्पो, उसाच्या वाढ्याने हिरवागार, रस्ताभर पानं सांडत. इगतपुरीकडून भाताचा पेंढा आला. कोणी भुईमुगाचा पाला पोत्यात दाबून आणला, कोणी मुरघासाच्या पिशव्या, कोणी हरभऱ्याचा भुसा. पिंपळगावचा द्राक्षबागायतदार भाचा आला, त्याच्या नव्या कोऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेल्या दोन पेंढ्या.

"आमच्याकडं जनावरच नाय, मावशी," तो आईच्या पाया पडत म्हणाला. "बाजारातून आणल्या. बघा बरं, खातील ना? मला पेंढीतलं कळत नाय."

आईने एक काडी काढून मोडून पाहिली, वास घेतला. "तुझ्या द्राक्षांपेक्षा बऱ्या आहेत," ती म्हणाली.

मामा सगळ्यांत शेवटी आला. आईचा एकुलता भाऊ. त्याने टेम्पोतून एक मोठी पेंढी उतरवली आणि बायका पुढे सरसावल्या, कारण पेंढी नव्या कोऱ्या लुगड्याने बांधलेली होती. हिरव्या काठाचं, घडीच्या खुणा अजून तशाच.

"आक्का, लुगडं नको म्हणालीस. नाय आणलं," मामा म्हणाला. "पण पेंढीला आळा तर लागतोच ना? घरात सुतळी नव्हती."

आईने गाठ सोडली. सावकाश, नखांनी. मग लुगडं झटकून खांद्यावर टाकलं. तिचं तोंड हसण्याचं का रडण्याचं, हे रोहिणीला ठरवता येईना. "सुतळी नव्हती म्हणे," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

आणि पहिल्या गाडीतले लासलगावचे म्हातारे? ते मघाशीच गुपचूप निघून गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या गाडीच्या टपावर चारा बांधलेला होता, त्यांच्याच टॉवेलांनी. आता सोमनाथकाका रस्त्याच्या मधोमध उभे होते. सदऱ्याच्या बाह्या सारलेल्या.

"इकडं, इकडं घ्या! मक्याचं वेगळं लावा, ओलं वाढं त्याच्यात मिसळू नका, सडेल! ए टेम्पो, मागं घे! कोणाकडून? बरं बरं. आमच्या दादाच्या गाई आहेत, महाराज. साध्या नाहीत!"

"कालपर्यंत भीक होती," झुंबरआत्या रोहिणीच्या कानाशी लागली.

"आत्या, जाऊ दे."

"जाऊ देते. पण पुढच्या दिवाळीला बोलेन."

जेवणं चालू असतानाच व्यापाऱ्याची पिकअप आली. जाळीचा उंच पिंजरा, मागचं फळकुट खाली लोंबतंय. व्यापारी उतरला, मिशीवरून हात फिरवला.

"भाऊ, कोणत्या भरायच्या?"

पंगतीतले हात थांबले. नवनाथ वाढत होता. त्याच्या हातात बुंदीचं ताट होतं. रोहिणी दिल्या शब्दाप्रमाणे गप्प राहिली. नवनाथने गोठ्याकडे पाहिलं, मग पूर्वेला वाढत चाललेल्या चाऱ्याकडे. तो मनातल्या मनात काहीतरी मांडत होता हे तिला दिसलं. लहानपणी गणित सोडवताना तो असाच ओठ चावायचा. मग त्याची नजर बांधापलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

बांधाच्या पलीकडे धोंडीरामतात्या उभे होते. त्यांच्यामागे, अगदी हद्दीला लावून, त्यांच्या स्वतःच्या गंजीतला निम्मा चारा आणून ठेवलेला. भाजल्या हातांनी हे त्यांनी कधी केलं, कोणाच्या मदतीने, कोणास ठाऊक. सगळं इथवर आणलं होतं आणि जळालेल्या बांधावरून पाऊल टाकणं तेवढं राहिलं होतं.

नवनाथने ताट यशश्रीच्या हातात दिलं.

"गाडी रिकामीच आहे ना तुमची?" त्याने व्यापाऱ्याला विचारलं.

"रिकामीच आणणार ना. जनावरं न्यायचीत."

"मग ती त्या बांधाला लावा. तो चारा भरायचाय."

"अहो, मी जनावरं न्यायला आलोय का चारा वाहायला?"

"गाई द्यायच्या नाहीत. फोन करायला पाहिजे होता, चुकलं माझं. आलाच आहात तर जेवून घ्या, आणि दोन खेपा मारा. डिझेल माझं."

व्यापारी इकडेतिकडे पाहत राहिला. इतके लोक आपल्याकडे बघतायत आणि त्यातलं कोणीही आपल्या बाजूचं नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. "बुंदी संपवू नका म्हणजे झालं," असं पुटपुटून त्याने गाडी वळवली.

नवनाथ चालत बांधापर्यंत गेला. तो तात्यांशी काय बोलला ते मांडवात ऐकू आलं नाही. तात्या मान हलवत राहिले, नाही, नाही. मग नवनाथने त्यांच्या दंडाला धरलं, कारण हात धरता येत नव्हते, आणि दोघे काळ्या बांधावरून अलीकडे आले. सोमनाथकाकांनी घसा खाकरला, सरकून पंगतीत जागा केली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "बस धोंड्या. हातानं नाय जमणार तुला. वहिनी भरवतील, नाय तर मी."

ऊन कलायला लागलं तेव्हा जमिनीवर चाऱ्याचा एवढा पसारा होता की गाई दावी ताणून ताणून दमल्या होत्या. तो रचायला हवा होता. नुसता ढीग घातला तर पहिल्या वळवाच्या सरीत कुजून गेला असता. आणि रचणारा माणूस तर गेला होता. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. मामाने सुरुवात केली तर बुड एका बाजूला कललं. काकांनी सल्ले दिले तर ते दुसऱ्या बाजूला कललं.

"तात्या, तुम्ही सांगा," रोहिणी म्हणाली.

"मला माझी रचता येती. चिंतामणची रीत वेगळी व्हती. त्याची पावसाळ्यात आत बोटभर भिजायची नाय."

"सरका," आई म्हणाली.

तिने ओचा खोचला, बुडाच्या पेंढ्या पायाने सरळ केल्या, बुडखे बाहेर, शेंडे आत, आणि बघता बघता वर चढली.

"वहिनी, बायामाणसानं गंजीवर चढू नये! अजून तेरावाही झाला नाय!"

"मग तू चढ, सोमा," झुंबरआत्या म्हणाली. "ते गुडघे घेऊन चढ बरं, बघू आम्ही."

"इतकी वर्षं खालून पेंढ्या कोण देत होतं त्यांना?" आई वरून म्हणाली. "वर तोंड करूनच देत होते ना? डोळे काय मिटले होते माझे? रोहिणे, दे. बुडखा माझ्याकडं कर. यशश्री, तू तिला दे. आत्याबाई, तुम्ही बसून नुसतं बोला."

आणि गंजी चढू लागली. खालून बायकांची रांग, पेंढी हातातून हातात, वर आई. ती पेंढी घ्यायची, गुडघ्याने दाबायची, मधोमध जराशी उंच ठेवायची, कडेने उतार द्यायची. मामाची, लंकाबाईची, लासलगावची, पिंपळगावची. सरमड, कडबा, पेंढा, तिने प्रत्येकाला आपापली जागा दिली. पुरुष सुरुवातीला पाहत उभे राहिले. मग त्यांना पाहत उभं राहायची लाज वाटली. मग पिकअपवाला व्यापारीसुद्धा पेंढ्या फेकायला लागला, आणि काकांनी त्याला पेंढी कशी फेकू नये ते सांगितलं. रोहिणीचे हात कुसाने सोलून निघाले. नानांच्या नावाने हुंदका आला तर तो पेंढीबरोबर वर जायचा आणि हात रिकामे व्हायचे, पुढच्या पेंढीसाठी.

गंजी आता गोठ्याच्या पत्र्याच्या वर गेली होती. उन्हात आईचं डोकं आणि मामाच्या लुगड्याचा हिरवा काठ तेवढा दिसत होता. खाली गाई हंबरायला लागल्या, चाऱ्यासाठी नव्हे, ते हंबरणं वेगळं असतं.

"आई, धारांची वेळ झाली," रोहिणी म्हणाली. "उतरतेस?"

"आता उतरले तर शेंडा राहील. तो एका हातचाच व्हायला पाहिजे." आईने वरून अंगणात नजर फिरवली. "नवनाथ, बादली घे."

"मी?" नवनाथने टकलावरून हात फिरवला. "आई, मी कॉलेजात असताना शेवटची काढली होती."

"गाई काय कॉलेज विचारत नाहीत. मोरीपासून सुरू कर. आधी हात धू. तिच्या डाव्या अंगाला बस. आणि बोलत राहा तिच्याशी, मुक्यानं बसलास तर देणार नाही."

"काय बोलू?"

"नाना काय बोलायचे?"

नवनाथने ओट्यावरची बादली घेतली आणि तो गोठ्यात गेला. पेंढ्यांची रांग आपोआप थांबली. पत्र्याआडून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खूर आपटल्याचा आवाज, नवनाथचं दचकणं. मग त्याचा आवाज, अडखळत, शरमलेला, मोरीला काहीतरी समजावणारा. नाना गाईंशी बोलायचे तो सूर रोहिणीने ओळखला. त्याने तो कधी उचलला, त्यालाही माहीत नसावं.

बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

वर आई पेंढी छातीशी धरून उभी होती. मान कललेली, डोळे मिटलेले, कान गोठ्याकडे. धार तुटत होती, जुळत होती, तुटत होती. मग ती जुळली आणि जुळलेलीच राहिली, बादली भरत जाते तसा तिचा आवाज भरत गेला.

"हं," आई म्हणाली. तिने हातातली पेंढी बसवली, गुडघा टेकवून दाबली आणि खाली हात केला. "द्या पुढची."